अम्मींची मेंदी

आमच्या सोलापूरच्या घरी परसात मेंदीचे एक झाड आहे. माझे लग्न झाले त्या वर्षी सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी ते लावले. माहेरच्या कुंपणातून पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी आणली आणि पाऊस लागताच मातीत खोचली. एवढेच.

अम्मी त्या झाडाला पाणी क्वचितच घालत. मात्र दर वर्षी मिरगाच्या तोंडावर कोयता घेऊन बसत आणि झाड गुडघ्याएवढे ठेवून बाकी सारे छाटून टाकत. मला ते बघवत नसे. "अम्मी, एवढं हिरवंगार झाड!" असे म्हटले की त्या नुसत्या हसत. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळायचा आणि डब्यात भरून ठेवायचा. चांदरातीला गल्लीतल्या मुली आमच्याच अंगणात जमत.

चार वर्षांपूर्वी अम्मी गेल्या. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांची निशानी म्हणून मी झाडाला जिवापाड जपू लागले. रोज बादलीभर पाणी, वर शेणखत. कोयता मात्र कुणालाच लावू दिला नाही. मुलांच्या अब्बांनी दोनदा विचारले, दोन्ही वेळा मी त्यांना अडवले. बघता बघता झाड माझ्या डोक्यावरून गेले. खाली नुसत्या उघड्या काठ्या, जुन्या फांद्यांच्या टोकांना काटे आणि पाने पिवळी पडून गळणारी. मेंदी उन्हाची, कोरड्या जमिनीची. आमच्या काळ्या मातीत रोज पाणी साचले की तिची मुळे गुदमरतात. हे मी कुणाला विचारलेही नव्हते.

गेल्या वर्षी चांदरातीला त्याच झाडाचा पाला वाटला. रंग इतका फिका आला की लेक हिरमुसली. मग बाजारातून झटपट काळाभोर रंगणारा कोन आणला. ईदच्या दुपारी तिच्या हातावर पुरळ उठले, संध्याकाळपर्यंत फोड आले. डॉक्टर म्हणाले, खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तपकिरी असतो, तो काळा कधीच नसतो. असल्या कोनात केस काळे करायचे रसायन घालतात. त्या ईदला लेकीने शिरखुर्मा डाव्या हाताने चमच्याने खाल्ला.

तिला बघायला अम्मींची धाकटी बहीण, आमच्या खालाजान आल्या. परसात जाऊन झाडाकडे बघत राहिल्या.

"तेरी सास काटती थी ना इसको? तू कायकू नै काटती?"

"डर लगता खाला. उनकी निशानी है."

"तो सुखा के मारना है क्या निशानी कू?"

त्या रात्री मला माझाच वर्ग आठवला. मी उर्दू आणि मराठी शिकवते. दर वर्षी मुलांना सांगते की उर्दूत कलम म्हणजे लेखणी, लावायला घेतलेली फांदीही कलम आणि झाड छाटणे म्हणजे कलम करना. बोरूला काप दिल्याशिवाय त्यातून अक्षर उतरत नाही. मुलांना हे सांगणारी मी घरात मात्र फक्त पाणी घालत राहिले होते.

मिरगाच्या आधी कोयता काढला. वाळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळाशी काढल्या. चांगल्या पाच-सहा ठेवल्या आणि त्याही गुडघ्याएवढ्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या जरा वर तिरका काप दिला. हात थरथरत होते. काम संपल्यावर परसात पाच-सहा खुंट तेवढे दिसत होते. मी आत येऊन रडले.

पंधरा दिवसांत प्रत्येक खुंटावर पोपटी फुटवे आले. कोवळ्या, नव्या फुटीच्या पानांतच रंग जास्त असतो. राजस्थानात सोजतचे शेतकरी याच कारणाने दर वर्षी मेंदी जमिनीलगत कापतात आणि त्याच खोडावर वर्षानुवर्षे पीक घेतात. अम्मींना सोजत माहीत नव्हते, झाड माहीत होते. एक फांदी मात्र त्या फुलांसाठी राखत. मीही राखली. कनौजचे अत्तरवाले या फुलांपासून अत्तर काढतात. आमच्याकडे असरनंतर परसाचे दार उघडले तरी पुरे, घरभर दरवळ येतो.

यंदा चांदरातीला पाला लिंबाच्या रसात भिजवला. आधी लेकीच्या कोपराशी एक ठिपका लावून दिवसभर वाट पाहिली, मगच हातावर काढली. सकाळी केशरी दिसणारा रंग दुसऱ्या दिवशी गडद झाला. फोडांचा फिकट डाग अजून आहे. त्यावर तिने मुद्दाम वेल काढून घेतली.

छाटलेल्या फांद्यांपैकी सहा कुंड्यांत लावल्या होत्या, चार जगल्या. त्यातले एक रोप खालाजान घेऊन गेल्या. त्यांच्या माहेरचे ते कुंपण रस्ता रुंद झाला तेव्हाच गेले होते. रिक्षात बसून कुंडी मांडीवर घेत त्यांनी विचारले, "हर साल काटेगी ना अब?"

मी म्हटले, "इंशाअल्लाह."