टिळकांचा दरबार

आज पुन्हा रेव्हरंड टिळक डोक्यात घोळतायत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी म्हणायचा, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. येशूखेरीज पित्याकडे वाट नाही, असं योहानाचं शुभवर्तमान स्वच्छ सांगतं. टिळकांनी ते कधी झटकलं नाही. तरी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दार उघडं ठेवून. ‘सगळे धर्म सारखेच’ म्हणून मोकळं होणं मला जरा आळशीपणाचं वाटतं. टिळकांना ना ख्रिस्त सोडवत होता, ना अभंग-कीर्तन. ही ओढाताणच मला खरी वाटते. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं. ख्रिस्ती झाल्या त्या १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावरच.