वाळवीच्या घरातली सोयरीक

पहिला पाऊस पडून गेला की आमच्या परळीत संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीची झुंबड उडते. सकाळी ओसरीवर नुसते पंख! हे सगळे वारुळातून निघालेले नवरे-नवऱ्या. पंख गळले की जोडी जमिनीत शिरते, आणि जगलीच तर तीच नव्या वारुळाची राजा-राणी. मधमाश्यांत नराला बाप नसतो. वाळवीत राजा शेवटपर्यंत राणीजवळ नांदतो.

आता आत कोणाचं कोणाशी काय नातं, हे कसं कळायचं? शास्त्रज्ञ वीसेक कामकरी उचलून त्यांचा डीएनए तपासतात. हिशेब सातवीच्या पोरालाही जमेल. एका जागेच्या आईकडे दोन प्रती, बापाकडे दोन. म्हणजे एका जोडप्याच्या सगळ्या लेकरांत मिळून जास्तीत जास्त चार प्रकार. पाचवा निघाला की समजावं, आत आणखी कुणाचा तरी संसार आहे. राजा-राणी मेल्यावर त्यांच्याच पोरांनी घरातल्या घरात जोड्या जमवल्या असतील, तर ते मात्र नुसत्या या मोजणीत उघडं पडत नाही, कारण प्रकार तेच चार राहतात.

घरातल्या घरात म्हटलं की आम्हा मराठवाड्यातल्यांचे कान टवकारणारच! मामाची पोरगी म्हणजे हक्काची. मी आतेभावाला दिलेली. माझ्या मुलानं माझ्या भावाची मुलगी केली. आणि आता नातवासाठीही त्याच्या मामाचीच मुलगी सुचवताहेत. तिसरी पिढी...

जपानातल्या एका वाळवीची गंमत ऐका. केन्जी मात्सुउरा आणि सहकाऱ्यांनी 2009 साली 'सायन्स'मध्ये दाखवलं की ती राणी आपल्या जागी येणाऱ्या राण्या एकटीच जन्माला घालते, राजाचा अंशही न घेता. कामकरी मात्र दोघांचे. राणी गेली की राजा या नव्या राण्यांशी संसार करतो, आणि रक्तानं त्या त्याच्या मुली नसतातच! गोतही राखलं, रक्तही वेगळं.

माणसाला ही सोय नाही हो. मामे-आते भावंडांत साधारण एक अष्टमांश वारसा सारखा असतो, आणि आमच्या घरात तर तो पिढ्यान्‌पिढ्या घोटला गेलाय. एखाद्या आजाराची लपलेली प्रत आईबाप दोघांकडून बाळाकडे येण्याची भीती त्यानं वाढते.

नातेवाईक हे वाचतात, म्हणून इथेच लिहिते : या सोयरिकीला माझी ना आहे. सूनबाई, तू माझी भाचीसुद्धा आहेस, रागावू नकोस. पोर गुणाची आहे, तिच्यासाठी स्थळ मीच बघते. तुझ्या भावाला रविवारी फोन करणार आहे.