न विचारता आलेली ताटली

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलला संध्याकाळी एक मोमोची गाडी लागते. परवा मी तिच्यापाशी पोचायला आणि भांड्याचं झाकण निघायला एक गाठ पडली. मोदकपात्र उघडल्यावर येतो तसला, ओल्या पिठाचा भपका थेट नाकात शिरला. पाय थांबलेच. गाडीवरचा पोरगा नेपाळचा. "काका, व्हेज देऊ की चिकन?" हे विचारताना हेल मात्र पक्का आमच्याकडचा. बाप हापूसच्या बागेत राखणीला आलेला, काका मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी. बागेतला गुरखा आणि बोटीवरचा नेपाळी आम्हाला आता नवे नाहीत. पण त्यांचं खाणं बागेतून आणि बोटीवरून उतरून भर नाक्यावर यायला फार वर्षं लागली.

चिकन घेतलं आणि चारचौघांत, रस्त्याकडे तोंड करून खाल्लं. खाता खाता अण्णा आठवले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कलेक्टर कचेरीत कारकून. घरात सोवळंओवळं फार नव्हतं, पण हॉटेलात खाणं ही उडाणटप्पूंची कामं, असं आईचं मत आणि त्या मताला अण्णांची मान हललेली. अशा माणसाने एका पावसाळी दुपारी मला बंदराच्या वाटेवरच्या एका मुसलमानाच्या हॉटेलात नेलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बाकड्यावर बसवलं. पुढ्यात चहा आला, खारी आली. ते स्वतः माझ्या पाठीमागच्या टेबलावर. त्यांनी काही मागवलेलं मला ऐकू आलं नाही. हॉटेलवाले चाचा आले आणि न विचारता ताटली ठेवून गेले. तळलेल्या कांद्याचा वास, आल्या-लसणाचा वास आणि आणखी एक वास, जो आमच्या घरात कधीच नव्हता. चमचा ताटलीला लागल्याचा आवाज. मी वळलो नाही. वाटेत अण्णा एवढंच म्हणाले, "घरी सांग, चहा घेतला." त्यात माझ्यापुरतं खोटं काहीच नव्हतं.

आता इथे सावरकर मध्ये येतात. रत्नागिरीत बाहेर खाण्याबद्दल लिहायचं तर त्यांना वळसा घालता येत नाही. 1924 ते 1937 ते इथे स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि 1931 साली सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 1 मे 1933 ला सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढलं, ते मात्र पटकन कुणाला आठवत नाही. तिथे महार समाजातला माणूस चहा-चिवडा द्यायचा आणि तो सगळ्यांनी सगळ्यांच्या पंगतीत बसून घ्यायचा. देवळात शिरण्यापेक्षा हे अवघड होतं, असं मला वाटतं. देवळात हात जोडून बाहेर पडता येतं, इथे घोट गिळावा लागायचा. आमचे आजोबा तिथे चहा पिऊन आले तेव्हा आजीने पाण्याचं घंगाळ अंगणातच नेऊन ठेवलं होतं. आंघोळ करूनच या, म्हणाली. आजोबांनी केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाला गेले.

त्या उपाहारगृहाचं मोल मी कमी लेखत नाही. पण राजिवड्याचं, मिरकरवाड्याचं, म्हणजे मुसलमान मोहल्ल्यांचं ताट त्या हिशेबात नव्हतं, हेही खरं. आजोबांनी जे उघड केलं त्याच्या पुढचं पाऊल अण्णांनी टाकलं, फक्त माझ्याकडे पाठ करून. आणि ते पाऊल पहिलं नव्हतं. नाहीतर चाचांनी न विचारता ताटली कशी आणली असती?

पुढे कॉलेजात राजिवड्याचा एक मित्र मिळाला आणि ईदला त्याच्या घरी सांदणं खाल्ली. आमच्याकडे सांदणं फणसाच्या रसाची, जेमतेम उन्हाळाभर. त्यांची तांदळाची, नारळाच्या दुधातली, पांढरीशुभ्र, बोट लावलं तर दबून पुन्हा वर येणारी. मित्राच्या आईने तिसरं वाढलं तेव्हा मी "पुरे" म्हणालो नाही. हॉटेलात मात्र ही सांदणं मला कधी मिळाली नाहीत. रत्नागिरीतलं उत्तम जेवण बहुतेक घरातच राहिलं आहे, आणि आतलं ताट बाहेर यायला कुणीतरी ओळखीचं लागतं.

थिबा राजाचंच बघा. ब्रह्मदेशाचं राज्य गेल्यावर इंग्रजांनी त्याला 1886 साली इथे आणून ठेवलं. त्याचा राजवाडा 1910 चा, आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं राजाचा मुदपाकखाना या गावात चालला, पण आज गावातल्या एकाही हॉटेलात मला बर्मी पदार्थ दिसत नाही. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार करून गेली. तिच्या चुलीवर आमच्यासारखीच आमटी रटरटत असणार.

आता माझं जुनं दुखणं. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, मुंबई-पुण्याची माणसं वाढली, आणि आमच्या गावात जिथे तिथे पाटी लागली: मालवणी थाळी. अहो, हे रत्नागिरी आहे! मालवण आमच्याच जिल्ह्यात होतं, 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. जिल्हा गेला आणि थाळी मागे राहिली. मालवणचा यात काही दोष नाही, तिथल्या घरी मी पोटभर जेवलो आहे. राग आहे तो पाकिटातल्या त्या लाल मसाल्यावर. त्याच्याखाली सुरमई काय, कोंबडी काय आणि पनीर काय, सगळं एका चवीचं. तिरफळं ठेचून घातलेली बांगड्याची आमटी मागितली तर वेटर मॅनेजरकडे बघतो. बारमाही सुरमई मात्र हवी तेव्हा हजर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तरी हजर. कुठल्या शीतपेटीतून येते ते विचारू नये.

तेव्हा रत्नागिरीला आलात तर "इथली फेमस डिश कोणती" हे विचारू नका. मेनूकार्ड मिटून ठेवा आणि आज बंदरावर काय लागलंय ते विचारा. मांदेली असतील तर मांदेली खा, बोंबील असतील तर बोंबील. जून-जुलैत मासा मागूच नका. कुळथाची पिठी आणि गरम भात मागा, आणि मिळत नाही म्हणाले तर दुसरं हॉटेल बघा.