कागद, साक्ष आणि स्वतःची बुद्धी

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगावच्या परिसरात ‘खरे काय’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात फारसा उपस्थित होत नाही. तो उपस्थित होतो बांधावर. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने महसुली कागद उर्दूत, शेतकऱ्याची भाषा मराठी, शेजारी तेलुगू. आणि कज्जा निघाला की १९५४ ची खासरा पाहणी आजही पुराव्यात पुढे येते. ज्याला तो जुना कागद वाचता येत नव्हता, त्याचे सत्य वाचून दाखवणाऱ्याच्या जिभेवर होते. वाचणारा प्रामाणिक असेल तर ठीकच. नसेल, तर बांध हातभर सरकल्याचे पुढच्या पिढीलाच कळायचे.

गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेत स्थिरावलेला एक विचार या अनुभवाचा सहज उपयोग करून घेईल. सत्य म्हणजे सत्तेने घडवलेली मांडणी. कागद ज्याचा, सत्य त्याचे. या विचाराने अनेक प्रतिष्ठित भ्रम उघडे पाडले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो शेवटपर्यंत नेला की त्या फसवल्या गेलेल्या शेतकऱ्याची तक्रारच अर्थहीन ठरते. बांध कोणाच्याही सांगण्यावाचून मुळात कुठे तरी होता, असे मानले तरच तो सरकवला असे म्हणता येते. सत्यापर्यंत पोहोचण्याची वाट माणसांच्या हातात असते, म्हणून सत्यही माणसांनीच रचलेले असते, हा निष्कर्ष निघत नाही. दोन विधानांतील हे अंतर चर्चासत्रांतून वारंवार हरवते (आणि ते हरवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा बांध कधी कोणी सरकवलेला नसतो).

याच जिल्ह्यात या अंतराचे भान अखेरपर्यंत सांभाळणारा एक समीक्षक होऊन गेला. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांना पदवी मिळण्यास दीर्घ काळ लागला. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक होते. पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. पदवी उशिरा आली म्हणून विचार थांबला नाही, एवढे म्हणून त्यांच्या चरित्राचा हा भाग सोडून द्यावा. त्यावर भाबडेपणाने लिहिण्याची प्रथा पुष्कळ झाली आहे. अधिक महत्त्वाचे आहे ते त्यांनी ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ लिहिण्यासाठी निवडलेला विषय. आय. ए. रिचर्ड्स यांनी वैज्ञानिक विधान आणि काव्यातील विधान यांत भेद केला होता. पहिले पडताळून पाहावयाचे असते. दुसऱ्याचे कार्य भाववृत्तींची संघटना करणे हे असते, त्याला त्या अर्थाने खरेखोटे नसते. या भेदाचे कलामीमांसेतील मूल्य वादग्रस्त आहे. पण तो ज्याच्या अंगवळणी पडला, त्याला पुराणकथेवर प्रेम करता येते आणि तिला इतिहास म्हणण्यास नकारही देता येतो.

रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेल्या कुरुंदकरांच्या दीर्घ पत्रात हे प्रत्यक्ष घडताना दिसते. शिवाजी महाराजांच्या मोठेपणाचा आधार ते केवळ रोमहर्षक प्रसंगांत शोधत नाहीत. राजा गेल्यावर राज्य सामान्यतः कोसळते. येथे मात्र राजाच्या पश्चात औरंगजेबाच्या प्रचंड फौजेशी १७०७ पर्यंत लढा चालू राहिला. ही घटना तपासता येते, आणि तिचे स्पष्टीकरण शोधताना नायक लहान होत नाही. भक्ताला हवे ते उत्तर येथे मिळते, मात्र भक्ताच्या मार्गाने नव्हे. कादंबरीकाराला त्याच्याच कादंबरीच्या दारात पुराव्याची जबाबदारी सांगणारे असे लेखन मराठीत विरळाच.

उलट दिशेचे उदाहरण मनुस्मृतीचे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी झालेल्या तिच्या दहनाच्या बाजूने कुरुंदकर उभे होते. तरीही व्याख्यानांतून त्यांनी त्या ग्रंथाचा तपशीलवार विचार केला, त्याच्या समर्थकांचे युक्तिवाद एकेक करून तपासले. निषेध आधी ठरला होता, म्हणून वाचन अनावश्यक ठरले नाही. स्वतंत्र विचार म्हणजे सर्वांहून निराळे बोलणे, ही समजूत येथे टिकत नाही. पुष्कळांशी सहमत असतानाही आपल्या सहमतीची कारणे स्वतः मिळवावी लागतात.

या शिस्तीची खरी कसोटी ग्रंथालयात होत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नायगाव तेव्हा ज्या बिलोली तालुक्यात होते, त्याच तालुक्यातील टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. त्या दिवसांत प्रदेशाची अस्मिता आणि हे नाव एकत्र नांदू शकत नाहीत, असे मोठ्या समुदायाने एकमुखाने मानले होते. सुशिक्षितांनी मानले, वृत्तपत्रांतून मांडले. समुदायाची एकवाक्यता हेच सत्याचे अधिष्ठान असेल, तर त्या आठवड्यांत ते विधान सत्य होते असे म्हणावे लागेल. ज्यांची घरे जळाली त्यांना मग ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्यासाठी कोणती जागा उरते? संख्या त्यांच्याकडे नव्हती, कागद नव्हता, वृत्तपत्र नव्हते. आपले म्हणणे कोणी मानो वा न मानो, ते खरे आहे, एवढाच आधार होता.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एकत्र नांदूच शकणार नाहीत असे सांगितले गेलेले ‘आंबेडकर’ आणि ‘मराठवाडा’ हे दोन्ही शब्द तेव्हापासून त्या विद्यापीठाच्या एकाच नावात आहेत.