कागदाच्या कडा

आमच्या मंडळाची वार्षिक सभा एप्रिलमध्ये असते. गेल्या वर्षी सभेला आठ दिवस उरले असताना आमच्या कोषाध्यक्षा घरी आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, हिशेबाला चोख, आणि संगणकावर त्यांचा हात असा चालतो की पाहणाऱ्याने पाहत राहावे. त्या दिवशी मात्र वैतागल्या होत्या. "काका, जमाखर्च तयार आहे, बँकेशी ताळमेळही बसलाय. पण छापायला घेतला की अकरा कागद निघतात आणि एकावरूनही काही उमगत नाही. पडद्यावर तर सगळं किती छान दिसतं!"

मी ते अकरा कागद हातात घेतले. पहिल्या काही पानांवर तपशील होता, रकमा नव्हत्या. पुढच्या पानांवर रकमा होत्या, पण त्या कशाच्या हे लिहिलेले नव्हते. शेवटच्या दोन पानांवर शेऱ्याच्या रकान्याची उजवी कड तेवढी उतरली होती. बाई हसल्या, मला हसू आले नाही. असेच कागद मी एकदा सही करून खेड्यांत पाठवले होते.

संगणकावरचा हा तक्ता खरे तर कागदाचाच वंशज. इंग्रजीतले 'स्प्रेडशीट' हे नावच मुळी जमाखर्चाच्या वहीत समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या रुंद तक्त्यावरून आलेले. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजिकॅल्क' आणले तेव्हा तो पसारा पडद्यावर गेला. मग १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आणि १९८५ मध्ये 'एक्सेल' आले. पडद्यावर गेल्यावर तक्ता कागदाला विसरला. आजच्या एक्सेलमध्ये एका पानाला सोळा हजारांहून अधिक रकाने आणि दहा लाखांवर ओळी मावतात. आपला ए-फोर कागद मात्र २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच, एवढाच. ही अडचण इतकी जुनी आहे की १९८०च्या दशकात अमेरिकेत 'साइडवेज' नावाचा एक कार्यक्रम तक्ता आडवा छापता यावा एवढ्याचसाठी विकला जात असे.

१९८५ साली मी मध्य प्रदेश शासनाच्या भू-अभिलेख खात्यात रुजू झालो तेव्हा कार्यालयात लांब कॅरेजचा एक टाइपरायटर होता आणि त्यावर बसणारे एक वयस्क बाबूजी होते. कोणतेही पत्रक टंकित करायला दिले की ते आधी कागदाला हात लावीत नसत. एका चिठोऱ्यावर रकाने मोजीत, सर्वांत लांब नाव कोणते ते शोधीत, त्याची अक्षरे मोजीत, आणि मग किती घरे सोडायची ते ठरवीत. आम्हा तरुणांना तो वेळेचा अपव्यय वाटे. आज कळते, की बाबूजींना कागदाची कड आधी दिसत होती आणि मजकूर नंतर. संगणक आल्यावर आमचा क्रम नेमका उलटा झाला.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य प्रदेशात झालेली गारपीट पुष्कळांना स्मरत असेल. कापणीवर आलेला गहू आणि हरभरा झोपला. मी तेव्हा इंदूरपासून लांबच्या एका जिल्ह्यात होतो. राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६-४ या भागाप्रमाणे द्यावयाच्या मदतीच्या याद्या तयार करायच्या होत्या. पटवाऱ्यांनी शेतावर जाऊन टक्केवारी लिहून आणली, मुलांनी रात्री जागून ती संगणकात भरली. अनुक्रम, गाव, नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, खसरा क्रमांक, रकबा, पीक, नुकसानीची टक्केवारी, राशी, बँक, खाते, शेरा असे बारा रकाने होते. याद्या पंचायतीच्या भिंतीवर लावायच्या, ज्याला हरकत असेल त्याने ठरलेल्या मुदतीत ती नोंदवायची. मी याद्या पडद्यावर पाहिल्या. वरची शीर्षके स्थिर ठेवलेली होती, कितीही खाली गेले तरी दिसत होती. मी समाधानाने मान हलवली आणि छापून आलेल्या गठ्ठ्याच्या शेवटच्या पानावर सही केली. गठ्ठा उलटून पाहिला नाही.

पडद्यावर शीर्षक स्थिर ठेवणे ही एक गोष्ट आणि कागदाच्या प्रत्येक पानावर ते छापले जाणे ही दुसरी, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. तसेच, तक्ता रुंदीत मावत नसेल तर यंत्र आधी डावा भाग वरपासून खालपर्यंत सगळा छापते आणि नंतर उजव्या भागाकडे वळते, हेही ठाऊक नव्हते. त्यामुळे एका गावाच्या यादीत पहिली सहा पाने नावांची निघाली आणि पुढची सहा राशींची. राशींच्या पानांवर ना नाव, ना अनुक्रम, ना पहिल्या पानापलीकडे शीर्षक. भिंतीवर चिकटवणाऱ्या कोटवाराने ती जशी हाती आली तशी शेजारी शेजारी चिकटवली.

पाहणीला गेलो तेव्हा एक वृद्ध बाई त्या भिंतीपाशी उभ्या होत्या. पतीमागे दोन बिघ्यांची शेती त्याच पाहत होत्या. कोणा शाळकरी मुलाने त्यांना त्यांचे नाव दाखवले होते. बाईंनी नावावर बोट ठेवले आणि ओळ धरून ते उजवीकडे नेऊ लागल्या. खसरा झाला, रकबा झाला, आणि बोट कागदाच्या कडेवरून उतरून भिंतीच्या चुन्यावर गेले. तिथून पुढच्या कागदावर. मुलाने समोर आलेला आकडा वाचला. बाईंचा चेहरा उजळला. मीही तो आकडा ऐकला, आणि गाडीत बसलो.

तो आकडा त्यांचा नव्हता. खात्यावर प्रत्यक्षात जी रक्कम आली ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होती. पटवाऱ्याने त्यांची टक्केवारी कमी लिहिली होती. ती चूक हरकतीच्या मुदतीत सहज दुरुस्त झाली असती. पण बाईंनी हरकत घेतली नाही, कारण भिंतीवर त्यांनी स्वतः बोट ठेवून रक्कम पाहिली होती. मुदत संपल्यावर त्या कार्यालयात आल्या. फेरचौकशी, वर प्रस्ताव, पुन्हा खुलासे, असे करता करता फरक मिळाला तो सोयाबीनची पेरणी उरकल्यावर. बियाण्यासाठी त्यांनी तोवर व्याजाने पैसे उचलले होते. ते व्याज कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

त्या दिवसांत एका रविवारी मी इंदूरला घरी आलो होतो. यादीची एक प्रत बॅगेत होती, ती नानांनी पाहायला मागितली. माझे वडील १९४६ साली होळकर संस्थानच्या हिशेबखात्यात उमेदवार म्हणून लागले. १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये मध्य प्रदेश. वरचे नामफलक बदलत गेले, नानांच्या हातातली आखणीची पट्टी तीच राहिली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते. भिंगातून त्यांनी सातवे पान निरखले आणि म्हणाले, "अरे, ह्या पानाला आईबाप नाहीत."

मग त्यांनी पेन्सिल मागितली. राशीच्या रकान्याची बेरीज त्यांनी पान धरून केली, पानांच्या बेरजा एकत्र केल्या आणि शेवटच्या आकड्याशी ताडून पाहिल्या. जमेना. दुसऱ्यांदा केली, तरी जमेना. रात्री मी मूळ फाइल उघडली तेव्हा उलगडा झाला. एका वस्तीची फेरतपासणी चालू होती म्हणून आमच्या मुलांनी सात ओळी लपवून ठेवल्या होत्या. लपवलेल्या ओळी कागदावर उमटत नाहीत, पण साध्या बेरजेत त्या मोजल्या जातात. नानांना सांगितले तर म्हणाले, "म्हणजे तुझं यंत्र मला न दाखवलेलंसुद्धा मोजतं. ह्याला ताळा म्हणत नाहीत, बाळ."

त्यांनी कपाटातून आजोबांची घरखर्चाची कीर्द काढली. मोडी अक्षर, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रेघा नाहीतच, कागदाला घड्या घालून उठवलेल्या सळांचेच रकाने. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज, आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तीच बेरीज पुन्हा. कोणतेही पान सुटे काढले तरी ते कोठून आले आणि कोठे जायचे हे सांगत होते. मोडी मला अडखळतच वाचता येते. पण तो तक्ता मला वाचता आला आणि माझ्या कार्यालयाचा आला नाही.

पुढे दोन वर्षांनी नाना गेले. मी मात्र उरलेल्या नोकरीत कागद मोजू लागलो. हाताखालची मुले मागे हसत असणार. बाबूजींना आम्ही हसत होतोच.

तेव्हा कोषाध्यक्षाबाईंना मी म्हटले, आधी यंत्र बंद करा आणि हा हिशेब कोण वाचणार ते सांगा. आमच्या सभासदांचे सरासरी वय सत्तरीच्या आसपास. निम्म्यांना मोतीबिंदू, आणि सगळ्यांना शंका. ते ओळीखाली बोट धरून वाचणार. मग कागद आडवा करू, अक्षर अकराच्या खाली जाऊ देणार नाही. सगळे रकाने एका पानाच्या रुंदीत बसवण्याची सोय एक्सेलमध्ये आहे, पण ती डोळे मिटून वापरली तर यंत्र आज्ञाधारकपणे अक्षर इतके बारीक करते की मुंग्यांची रांग बरी. म्हणून रकानेच कमी केले. पावती कोणत्या तासाला फाडली हे सभासदाला कशाला हवे? रुंदी एका पानाची ठरवली, उंची मोकळी सोडली. 'प्रिंट टायटल्स'मध्ये जाऊन शीर्षकाची ओळ प्रत्येक पानाच्या माथ्यावर येईल असे केले. मदतीच्या यादीसारखा तक्ता रुंदीत मावणारच नसेल, तर अनुक्रम आणि नाव हे रकानेही तिथूनच प्रत्येक पानाच्या डावीकडे पुन्हा छापता येतात. ही दोन घरे २०१४ मध्ये कोणी भरली असती, तर त्या बाईंचे बोट चुन्यावर गेले नसते.

बाईंनी फार कष्टाने रंग दिले होते: जमा हिरवी, खर्च गुलाबी, शिल्लक निळी. ते सगळे मी काढायला लावले. आमच्या चौकातल्या झेरॉक्सच्या यंत्रातून गुलाबी आणि निळा दोन्ही सारखेच काळपट निघतात आणि त्यात आकडा बुडतो. त्याऐवजी बारीक रेघा दिल्या. पडद्यावर ज्या करड्या रेघा दिसतात त्या मुद्दाम सांगितल्याशिवाय कागदावर येत नाहीत, ही आणखी एक फसवणूक. देणग्यांच्या रकान्यात एके ठिकाणी आकड्याऐवजी जाळीसारख्या खुणा उमटल्या होत्या, कारण रकाना अरुंद आणि रक्कम मोठी. पडद्यावर रकाना ओढून रुंद करता येतो. छापलेला कागद कोण ओढणार? आणि तेवढी मोठी देणगी देणारे गृहस्थ पहिल्या रांगेत बसणार होते.

खाते क्रमांकांची गोष्ट अधिक गंभीर. यंत्राला ती संख्या वाटते. मग ते आरंभीची शून्ये गिळते, बारा अंक झाले की मध्येच 'ई' घालून संक्षेप करते, आणि पंधरा अंकांपुढचे अंक तर शून्यच करून टाकते. म्हणून असा क्रमांक भरण्यापूर्वीच तो रकाना मजकुराचा आहे असे सांगून ठेवावे लागते. एकदा अंक गेला की रकाना रुंद करून तो परत येत नाही. देवनागरीचा वेगळाच जाच. आमच्या कार्यालयांत वर्षानुवर्षे कृतिदेव चाले. तो ज्या संगणकात नसेल तिथे शेतकऱ्याचे नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आता युनिकोडमुळे ते संकट टळले, तरी ओळीची उंची कमी ठेवली तर रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. उकार गेलेले नाव घेऊन बँकेत गेलेल्या माणसाला विचारा!

दुपारचा चहा होईतो अकराचे तीन कागद झाले. प्रत्येक पानाखाली त्या पानाची बेरीज बाईंनी हाताने सूत्र घालून आणली आणि पुढच्या पानावर नेली. यंत्र ती आपणहून आणीत नाही. पाय-ओळीत 'पान १, एकूण ३' असे घातले, शेजारी तारीख घातली. मी लपवलेली एखादी ओळ आहे का ते दोनदा पाहिले. "काका, पुढच्या वर्षी सगळ्यांना मोबाइलवरच पाठवू या का?" त्या म्हणाल्या. मी म्हटले, पाठवा, पण सभेला कागद आणा.

सभेत कागद वाटले गेले. बोलणी थांबली आणि चष्मे नाकावर चढले. आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेले, खिशातून पेन्सिल काढून बेरजेला बसले. त्यांचे ओठ हलत होते, बोट ओळीवरून उजवीकडे सरकत होते. पहिले पान झाले, दुसरे झाले, तिसऱ्याच्या तळाशी त्यांनी बरोबरची खूण केली. मी श्वास सोडला. मग त्यांनी भिवया उंचावून माझ्याकडे पाहिले.

"बेरीज बरोबर आहे. पण हिशेब ३१ मार्चअखेरचा म्हणता, आणि पानाखाली तारीख १२ एप्रिलची कशी?"

पाय-ओळीतली तारीख यंत्र स्वतः घालते, आणि ती हिशेबाची नसून छपाईच्या दिवसाची असते. ते माझ्या ध्यानात राहिले नव्हते. कोषाध्यक्षाबाईंनी पेन काढला आणि पन्नास प्रतींवर तारखेपुढे 'मुद्रण दिनांक' असे हाताने लिहायला आम्ही दोघेही बसलो.