घाव कुणावर?

17 सप्टेंबरला आळंदमध्ये कल्याण कर्नाटक उत्सवाचा झेंडा फडकतो. सीमा ओलांडून उमरग्याला गेलं की तोच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा. आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड, जमिनीच्या जुन्या कागदांत उर्दू; त्यामुळे दोन्हीकडची भाषणं कळतात. त्यांत हुतात्मे असतात, सरदार पटेल असतात. कुऱ्हाड क्वचितच असते.

या दिवसामागच्या 1947-48 च्या लढ्यात निजामी मुलखात लोकांनी शिंदीची झाडं तोडली, करोडगिरीचे नाके जाळले. शिंदीवरची आबकारी आणि मालावरची जकात यांवर सरकारी तिजोरी पोसली जात होती. ज्याला अर्ज लिहिता येत नव्हता, तोही एका घावात सरकारला उत्तर देऊ शकला. आडवं पडलेलं झाड वाचायला साक्षर असावं लागत नाही. म्हणून मला त्या तोडण्यात लोकांनी मिळून उभी केलेली कला दिसते. मात्र शिंदी उतरवणाऱ्या कलालाचं पोटही त्याच झाडावर होतं, हेही विसरवत नाही.

महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली, तेव्हा आधी ठराव झाला, खड्डा खणला, चंदन रचलं. जळाली ती पोथी आणि तिची हुकमत. कुणाची भाकरी गेली नाही. विध्वंसाची इतकी नेमकी रचना विरळाच.

उलट 2014 साली मायामीच्या संग्रहालयात एका स्थानिक चित्रकाराने आय वेईवेई या चिनी कलावंताचा रंगवलेला प्राचीन कलश फोडला. मागच्या भिंतीवर खुद्द वेईवेई हान काळातला कलश जमिनीवर सोडून देतानाची छायाचित्रं होती. स्थानिकांना जागा मिळत नाही, ही फोडणाऱ्याची तक्रार. राग संग्रहालयावर होता, फुटला दुसऱ्या कलावंताचा कलश.

सीमाभागात हेच नेहमी घडतं. डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. दोन्ही सरकारांचं काही बिघडलं नाही. गाड्या थांबल्या की अडकतो तो सोलापूरच्या दवाखान्याला किंवा लेकीच्या सासरी निघालेला आमच्यासारखा प्रवासी.

मोडतोडीला माझा सरसकट विरोध नाही. अर्ज-विनंत्यांनी न हलणारी सत्ता कधी कधी घावानेच हलते. पण हात उचलणाऱ्याने एवढं आधी ठरवावं, की याची किंमत सत्ता मोजणार आहे की शेजारी. शेजारी मोजणार असेल, तर हात खाली घ्यावा.