सुभेदारसाहेबांची ३४ दातांची चकती

रोड बाइकचे सुटे भाग हा आमच्या मेसमधल्या चर्चेचा कायमचा विषय. शिमानोची उतरंड सगळ्यांना पाठ असते: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५. खांद्यावरच्या फितींसारखीच. एक वर्ष झालं की वरच्या पायरीचे वेध लागतात. पण वरच्या हुद्द्याचा माणूस प्रत्येक कामाला योग्य असतोच असं नाही, हे फौजेत वीस वर्षं काढलेल्याला सांगावं लागत नाही.

खडकवासल्याला एनडीएत आम्हाला मिळालेल्या सायकलींना गिअर नव्हते. ड्रिल स्क्वेअरपासून वर्गापर्यंत सगळं त्यांच्यावरच चालायचं आणि शिक्षा झाली की त्याच सायकली खांद्यावर यायच्या. त्या काळातली एक सवय मात्र अजून टिकून आहे: आधी जमीन बघायची, मग हत्यार निवडायचं.

वाराणसीची जमीन सपाट आहे. पहाटे कॅन्टोन्मेंटमधून निघून वरुणा ओलांडायची आणि सारनाथला जाऊन यायचं, यात दम लागावा असा चढ नाही. चढ हवाच असेल तर उड्डाणपूल गाठावा लागतो. इथे त्रास देतात ते खड्डे, धूळ आणि आडवी येणारी जनावरं. पंचक्रोशीचा रस्ता साधारण ८० किलोमीटर. कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम. यात्रेकरू तो पाच दिवसांत चालतात. मी एका सकाळी सायकलवर केला, तेव्हा पायांआधी मनगटं बोलायला लागली.

म्हणून इथे माझा पहिला खर्च टायरवर झाला. २३ मिलिमीटरचे काढून २८ चे घातले आणि हवा ११० पीएसआयवरून ८० वर आणली. जाड टायर घेण्याआधी तो फोर्क आणि ब्रेकखाली मोकळा फिरेल का, तेवढं पाहून घ्या. दुसरा खर्च चेनचा. धूळ चेन खाते. स्टीलची पट्टी लावा: नव्या चेनच्या पिना १२ इंचांवर बरोबर जुळतात. एक सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदला. एक अष्टमांश होईपर्यंत थांबलात तर कॅसेटही गेली समजा.

गेल्या हिवाळ्यात आमचे एक सुभेदारसाहेब सायकल घेऊन माझ्याकडे आले. ३९ गोरखा ट्रेनिंग सेंटर याच गावात आहे, त्यामुळे गोरखा जवान आणि सरदार इथे नेहमीचे. २८ वर्षांची नोकरी संपवून साहेब पोखऱ्याकडच्या आपल्या गावी निघाले होते. आठ गिअरची जुनी रोड बाइक, दुखरा उजवा गुडघा आणि हातात दुकानदाराचा कागद: उंच रिमची हलकी चाकं.

“सर, ये पहिया ठीक रहेगा?”

मी विचारलं, “साहब, घर सड़क से कितना ऊपर है?”

ते हसले. हाताने दाखवलं ते माझ्या डोक्याच्या बरंच वर होतं.

मग कागदाच्या मागे हिशेब मांडला. पुढची लहान चकती ३४ दातांची, मागची सर्वांत मोठी २८ ची. पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मागेही ३४ दातांची बसवली तर दोन मीटरच्या जरा वर. म्हणजे त्याच चढाला गुडघ्यावरचा जोर सहाव्या हिश्श्याहून थोडा जास्तच कमी होतो. हलकी चाकं हे करू शकत नाहीत. मात्र एक अडचण होती. त्यांचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा होता, त्याला ३४ दात पेलणार नव्हते. म्हणजे लांब पिंजऱ्याचा डिरेलर, नवी कॅसेट आणि थोडी लांब चेन. गिअर आठच ठेवले, त्यामुळे हँडलवरचे शिफ्टर आणि मागचं हब जसंच्या तसं राहिलं. अकरा गिअरचा हट्ट धरला असता तर तेही बदलावं लागलं असतं.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारलीच नव्हती. ब्रेकचे रबर काचेसारखे गुळगुळीत आणि कडक झाले होते. बनारसच्या गर्दीत ताशी १५ च्या वेगाला ते चालून जातात. डोंगरउतारावर, एका बाजूला दरी असताना, तेच रबर जिवावर बेततात. रबर, तारा आणि तारांची आवरणं, सगळं नवं घातलं. सगळं मिळून चाकांच्या जोडीच्या पाव किमतीत बसलं. उरलेले पैसे त्यांच्या पेन्शनीचे. ते घरी गेले, हे मला जास्त बरं वाटलं.

वाचकांपैकी बरेच जण निवृत्तीनंतर सायकल घेतात आणि मला विचारतात, कोणता ग्रुपसेट घेऊ? मी उलट विचारतो: राहता कुठे, गुडघे कसे आहेत, ब्रेक शेवटचे कधी पाहिले? साताऱ्याहून कासला चढणाऱ्याला जे लागतं, ते सोलापूरकराला लागत नाही.

उन्हाळ्यात सुभेदारसाहेबांचा निरोप आला: “सर, ब्रेक एकदम बढ़िया. चढ़ाई में अभी भी मरता हूँ, पर उतरता नहीं.”